डबा किती वाजता भरला?

"वास तर येत नाहीये, खाऊ का?" भोसरी, मोशी, चाकण, म्हाळुंगे या पट्ट्यात हा प्रश्न रोज कितीतरी डब्यांवर विचारला जातो, आणि विचारणारा बहुतेक वेळा उत्तराची वाट न बघता घास घेतो. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते, पोटात कावळे ओरडत असतात, आणि ठेकेदारामार्फत कामाला असेल तर कँटीनचं कूपन मिळेलच असं नाही. मग माणूस नाकावर भिस्त ठेवतो. ती भिस्त किती ठेवावी आणि कुठं ठेवू नये, हे सांगण्यासाठी हा लेख.

आमटी विटते, भाताला तार सुटते, भाजी उतरते, हे ज्या जंतूंमुळे होतं ते आणि माणसाला उलट्या-जुलाबांनी आडवं करणारे जंतू बहुधा निराळे असतात. पहिले वास सोडतात, चव बिघडवतात, फेस आणतात, म्हणजे स्वतःची वर्दी देतात. दुसरे मुकाट्यानं वाढतात. साल्मोनेला असलेल्या अंड्याला वास नसतो. स्टॅफिलोकॉकस जंतूनं ज्यात विष सोडलंय ती पनीरची भाजीसुद्धा चमचमीतच लागते. म्हणून वास आला तर अन्न टाकायचं, यात वाद नाही. पण वास नाही म्हणून अन्न चांगलं, असं उलटं गणित मांडता येत नाही. विचारायचे प्रश्न दोन : हे किती वाजता शिजलं, आणि तेव्हापासून आत्तापर्यंत कुठं होतं?

शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे हात भाजेल इतकं गरम असेल, किंवा ५ अंशांच्या खाली, म्हणजे फ्रीजमध्ये नीट गार असेल, तर जंतूंची वाढ थांबते किंवा फार मंदावते. मधला सगळा टापू त्यांचा. त्यातही ३० ते ४० अंश म्हणजे त्यांची दिवाळी. मनाजोगी ऊब मिळाली की काही जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार असं करत सात तासांत एका जंतूचे वीस लाखांहून जास्त होतात. हवं तर मोबाइलवर गुणून बघा. म्हणूनच जगभरचे अन्नसुरक्षावाले सांगतात की शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि बाहेरची उष्णता ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यात किती अंश असतात हे लॉकर उघडणाऱ्याला सांगायला नको.

हा नियम ऐकून कुणीही शिफ्टवाला हसेल. दोन तासांत खाल्ला जाणारा डबा या पट्ट्यात सापडणं अवघड. एक साधा हिशेब करू. मेसवाल्या मावशी पहाटेपासून राबतात, दुपारच्या डब्यांचा भात ११ वाजेपर्यंत उतरवतात. डबा साडेबाराला भरतो, दीडला खोलीवर पोचतो. सेकंड शिफ्टचा माणूस तो घेऊन दोनच्या सुमारास बसस्टॉपवर उभा राहतो. नाशिक रस्त्यावर किंवा चाकणच्या तळेगाव चौकात बस अडकली तर पिशवी तासभर मांडीवरच. तीनला लाइन सुरू, डबा लॉकरमध्ये, आणि जेवणाची सुट्टी साडेसातला. भात शिजून साडेआठ तास झाले. नाईट शिफ्टचं तर बघायलाच नको : संध्याकाळी सहाला शिजलेलं पहाटे तीनला पोटात जातं. आपण त्याला 'आजचाच डबा' म्हणतो, कारण तारीख बदललेली नसते किंवा झोप झालेली नसते. जंतू तारीख बघत नाहीत.

मग काय, डबा न्यायचाच नाही? तसं मुळीच नाही. डब्यातला प्रत्येक कप्पा सारखा नसतो, आणि खरी मेख तिथंच आहे. पोळी-भाकरी कोरडी असते. जंतूंना वाढायला ओल लागते. ती नसली की तासांचा हिशेब सैल होतो. फरसबी, कोबी, बटाट्याची परतलेली सुकी भाजी मधल्या गटात येते. पातळ भाजी, वरण, आमटी, पनीर, अंडाकरी, चिकनचा रस्सा आणि भात हे खरे जोखमीचे कप्पे. ओल भरपूर, पौष्टिकपणा भरपूर, आंबटपणा थोडा. शेंगदाण्याची किंवा कारळ्याची कोरडी चटणी महिनाभर टिकते, पण ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंतसुद्धा भरवशाची नाही.

यातला भात सगळ्यात फसवा. तो बिचारा इतका साधा दिसतो की त्याच्यावर कुणी संशयच घेत नाही. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. हे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या त्यांनी पचवलेल्या असतात. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष सोडतात. या विषानं खाल्ल्यापासून तास-दोन तासांत, फार तर सहा तासांत उलट्या सुरू होतात. आणि हे विष उष्णतेला दाद देत नाही. फोडणी द्या, मायक्रोवेव्हमध्ये फिरवा, वाफ येईपर्यंत परता, जंतू मरतील, विष तसंच राहील. कारखान्यातल्या भाषेत सांगायचं तर या मालाला रिवर्क नाही, तो थेट लाल बिनमध्ये टाकायचा. स्टॅफिलोकॉकसचंही तसंच. तो आपल्या हातांवर, नाकात, बोटावरच्या पिकलेल्या जखमेत असतो, अन्न हाताळताना त्यात उतरतो, आणि त्याचं विषही उकळीला पुरून उरतं.

सगळ्याच जंतूंचं असं नाही, हेही सांगायला हवं. मोठ्या पातेल्यातला मटणाचा रस्सा किंवा डाळ हळूहळू निवताना क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू वाढतो. तो पोटात गेल्यावर त्रास देतो, त्यामुळे खाण्याआधी खळखळून उकळी काढली तर त्याचा बराच बंदोबस्त होतो. पण आपल्या पातेल्यात कोणता जंतू आहे हे आपल्याला कळायचं कसं? म्हणून उकळी काढायची ती वेळेत फ्रीजमध्ये गेलेल्या अन्नाला. दिवसभर ओट्यावर राहिलेल्या अन्नाला उकळी काढून काही उपयोग नाही.

तेव्हा डब्याबाबत माझा सल्ला असा. सेकंड आणि नाईट शिफ्टला भात-वरणाचा हट्ट सोडा. दोन पोळ्या किंवा भाकऱ्या जास्त घ्या, सुकी भाजी, चटणी, वर एक कांदा, काकडी किंवा टोमॅटो अख्खा न्या आणि तिथं कापा. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटतच नसेल तर तो कँटीनमध्ये गरम मिळतो तिथं घ्या. रस्सा न्यायचाच असेल तर चांगल्या, खरोखर गरम ठेवणाऱ्या डब्यात न्या. तो आधी उकळत्या पाण्यानं पाच मिनिटं तापवून घ्यायचा, पाणी ओतून उकळता रस्सा काठोकाठ भरायचा, आणि जेवायच्या वेळेपर्यंत झाकण उघडायचं नाही. उघडल्यावर वाफ आली पाहिजे, नुसती ऊब नको. साध्या स्टीलच्या डब्यात गरम भात दाबून भरणं हा सगळ्यात वाईट मार्ग. आत कोंडलेल्या उबेत तो तासन्‌तास ४० अंशांच्या आसपास राहतो आणि झाकणाला घाम सुटून ओल वाढते, ती वेगळीच.

डब्याच्या झाकणातली रबराची रिंग कधी काढून बघितलीय? काढा एकदा. तिच्या खाचेत मागच्या आठवड्यातली आमटी बसलेली असते, करड्या चिकट थराच्या रूपात. नवीन अन्नाला जुन्या जंतूंचं विरजण तिथूनच लागतं. पिंपरी-चिंचवड शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे, त्यामुळे भांडी बादलीतल्या पाण्यात कशीबशी विसळली जातात, हे खरं. तरी रिंग रोज काढून साबणानं घासायला तांब्याभर पाणी पुरतं.

आपल्या आज्यांना हे सगळं जंतूंच्या नावांशिवाय माहीत होतं. बीड, लातूर, सोलापूर, जळगावहून ट्रॅव्हल्सनं येणाऱ्या पिशवीत काय असतं ते बघा : धपाटे, दुधात भिजवलेल्या दशम्या, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लाडू, लोणचं. ओल काढून टाकलेली, नाहीतर मीठ, साखर, आंबट आणि तेल यांनी जंतूंची वाट अडवलेली. पिशवीत चुकूनही रस्साभाजी नसते. अलीकडं मात्र आईच्या मायेपोटी पुरणपोळीबरोबर कटाची आमटीही बाटलीत भरून येऊ लागली आहे. रात्रभराचा प्रवास केलेली ती आमटी न चाखता ओतून द्या, आणि आईला सांगू नका.

घरी किंवा कॉट बेसिसच्या खोलीवर फ्रीज असेल तर अर्धी लढाई जिंकली, पण अर्धीच. अन्न फ्रीजमध्ये किती लवकर गेलं यावर सगळं अवलंबून आहे. मोठं पातेलं तसंच्या तसं ठेवलं तर त्याचा मध्य तासन्‌तास कोमट राहतो. अन्न उथळ भांड्यांत किंवा परातीत पसरून आधी वाफ जाऊ द्यायची आणि मग झाकून आत ठेवायचं. भात तासाभरात आत गेला तर दुसऱ्या दिवशी फोडणीचा करायला हरकत नाही, मात्र दुसऱ्याच दिवशी. वरण, भाजी, उसळ दोन दिवस, फार तर तीन. खाताना लागेल तेवढंच काढून कडकडीत गरम करायचं आणि उरलेलं परत आत ठेवायचं नाही. शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याबद्दल मात्र मी कुणाचं ऐकणार नाही. पोळी कोरडी राहिली असेल, तिच्यावर ठिपका नसेल, तर सकाळचा कुस्करा बेशक करावा.

सहा जणांच्या फ्लॅटमधल्या फ्रीजची कथा वेगळी. कुणाचं काय, कधीचं, कुणालाच ठाऊक नसतं; टाकायचं तर ते दुसऱ्याचं असेल म्हणून कुणी टाकत नाही. स्टोअरमध्ये काम करणारे रोज 'पहिलं आलेलं पहिलं बाहेर' या नियमानं माल काढतात, प्रत्येक ट्रेला टॅग लावतात, आणि घरी आल्यावर डब्यावर दोन इंचाची पट्टी लावून वार आणि वेळ लिहायला कंटाळतात. कागदी टेप आणि पेन फ्रीजवरच ठेवा. टॅग नसलेला डबा गुरुवारी टाकायचा, असं ठरवून टाका.

गुरुवार मुद्दाम म्हटलं. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, आणि दुरुस्तीसाठी वीज जाते तीही बहुधा त्याच दिवशी. वीज गेली की फ्रीज उघडून बघण्याचा मोह आवरा. दार बंद ठेवलं तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवसांपर्यंत धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. चार तासांच्या वर गेलं तर दूध, शिजवलेलं अन्न, चिकन, मासे यांची गय करू नका. लोणचं, लोणी, सॉस, भाज्या, फळं राहू द्या.

आता बुरशी. पिंपरीत राहणाऱ्याला बुरशीबद्दल थोडा अभिमान असायला हरकत नाही. १९५४ साली इथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. एचए कॉलनी हे नाव त्यातूनच आलं. याच आधारावर काही जण हिरवट डाग पडलेला पाव झटकून खातात, वर "यातूनच औषध बनतं" असं सांगतात. कारखान्यात निवडक जातीची बुरशी निर्जंतुक टाक्यांत वाढवतात, मग तिच्यातून औषध वेगळं काढून शुद्ध करतात. तुमच्या पावावर कोणती जात उगवलीय हे पावाला विचारून कळत नाही. आणि दिसतो तो डाग म्हणजे नुसतं पीक. तंतू पावात खोलवर पसरलेले असतात. पाव, पोळी, भात, जॅम, दही, शिजवलेली भाजी यांत कुठंही बुरशी दिसली की सगळं टाका, शेजारची स्लाइससुद्धा. कोबी, गाजर अशा घट्ट भाजीचा डागाभोवतीचा इंचभर भाग कापून बाकीचा वापरला तर चालतं.

शेंगदाणे, मका, लाल मिरची यांवरची बुरशी याहून वाईट. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृतावर घाला घालतं आणि भाजून-तळून जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली होती. पावसाळ्यात ओलसर खोलीत ठेवलेले शेंगदाणे कुबट लागले, सुरकुतलेले, काळपट, हिरवट दिसले, तोंडात एखादा कडू आला, तर कूट करून खपवू नका. कडूपणा कुटात लपतो, विष जात नाही. रवा-पिठात सोनकिडे झाले तर ते मात्र इतकं भयंकर नाही. चाळा, ऊन द्या, लवकर संपवा. जाळी धरली असेल, गोळे झाले असतील किंवा कुबट वास असेल तर टाका.

एकादशीच्या भगरीचा विषय याच्याच जोडीला येतो. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी, मध्ये आपण. इथं उपवास करणाऱ्यांची कमी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. खाटा कमी पडल्या म्हणून रस्त्याच्या कडेला दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या, ती छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. सणासुदीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या राज्यात दरवर्षी येतात आणि अन्न व औषध प्रशासन दर वेळी तेच सांगतं : भगर सुटी घेऊ नका, पाकिटावरची तारीख बघा, स्वच्छ निवडून धुवा, भगरीचं पीठ दळून फार दिवस ठेवू नका, कारण पीठ ओल धरतं आणि त्यावर बुरशी चटकन येते. मागच्या एकादशीचं उरलेलं पीठ या एकादशीला काढू नका.

पाकिटांवरच्या तारखांकडं वळू. इथं उलटी चूक होते : चांगलं अन्न टाकलं जातं. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा, रंग उत्तम राहील. ती उलटली म्हणून बिस्किटं, नूडल्स, पोहे, साखर, चहा दुसऱ्या दिवशी विषारी होत नाहीत. पाकीट बंद, कोरडं असेल आणि आत तेलकट खवटपणा नसेल तर थोड्या दिवसांनी खाल्लं तरी बिघडत नाही. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे मात्र त्यानंतर खायचं नाही, आणि विकणं तर गुन्हा. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर ही दुसरी तारीख सक्तीची आहे, 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक. दोन्ही तारखा पाकीट बंद आहे तोवरच्या. टेट्रापॅकमधलं दूध महिनोन्‌महिने बाहेर टिकतं, पण कोपरा कापला की ते पिशवीच्या दुधासारखंच. लहान मुलांच्या डबाबंद अन्नाला कसलीच सूट नाही, तारीख उलटली की फेकायचं. फुगलेलं दह्याचं पाकीट, फुगलेला ज्यूसचा डबा, गंजून पोचलेला टिन उघडूनही बघू नका.

आठवडे बाजारात बिस्किटं-चॉकलेटं किलोवर मिळतात, निम्म्या भावात. घ्यायला माझी ना नाही, पण शिक्का बोटानं घासून बघा. थिनरनं पुसलेला असतो किंवा वर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असतं. तारीख लपवणाऱ्यानं आणखी काय लपवलंय ते आपल्याला कळणार नाही.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते आणि हातात मिठाईचा बॉक्स पडतो, दिवाळीला पुन्हा. हा बॉक्स लॉकरमध्ये आठ तास, मग बसमध्ये, मग खोलीवर. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी ती तारीख लावायला हलवायांना सांगितलेलं आहे, पण बॉक्समध्ये भरून आली की ती पाटी दुकानातच राहते. ढोबळ हिशेब असा : कलाकंद त्याच दिवशी, रसमलाई, रसगुल्ला आणि दुधाचे बाकी ओले प्रकार फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, पेढा-बर्फी चार दिवस, बेसनलाडू-सोनपापडी निवांत. बॉक्स उघडून आधी ओलं संपवा. सोनपापडी तशीही कुणी पळवत नाही.

राहिल्या रोजच्या किरकोळ शंका. पिशवीचं दूध तापवताना फाटलं आणि वास नुसता आंबूस असेल तर लगेच पनीर करून त्याच दिवशी वापरतात, ते ठीक. कडवट किंवा कुजका वास असेल, तार येत असेल तर नको. अंडं पाण्यात तरंगलं म्हणजे जुनं झालं, बुडालं म्हणजे ताजं. पण ताज्या अंड्यातही साल्मोनेला असू शकतो. रात्री शिफ्ट सुटल्यावर गाडीवर भुर्जी पूर्ण परतलेली घ्या, ओलसर हाफफ्राय नको. चाकणच्या महात्मा फुले बाजारात कांदा-बटाट्याची पोती घेणाऱ्यांनी दोन्ही एकत्र ठेवू नयेत. कांद्याच्या वरच्या सालीवरची काळी पूड ही बुरशीच, पण ती साल काढून धुतलं की आतला घट्ट कांदा चालतो, मोड आला तरी चालतो. बटाट्याला मात्र हिरवट छटा आली, मोड फुटले, साल सुरकुतली की त्यात सोलानिन वाढतं आणि ते तळून-उकडून जात नाही. थोडा हिरवा डाग असेल तर साल जाड काढा, मोडाचे डोळे खोल कोरा. खूप हिरवा किंवा चवीला कडू असेल तर टाका. मोड आलेल्या बटाट्यांची सूट देऊन मेसला पोती विकली जातात, म्हणून मेसच्या भाजीतला बटाटा कडवट लागला तर संकोच न करता विचारा.

गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, साठीपुढचे, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, यांच्यासाठी वरचे सगळे हिशेब आणखी आवळायचे. शंका आली तर त्यांच्या ताटात ते वाढायचंच नाही. धडधाकट कामगाराचाही हिशेब सोपा आहे : टाकलेला डबा साठ-सत्तर रुपयांचा, बुडालेली पाळी त्याच्या कितीतरी पट. शिवाय उलट्यांनी गळालेला माणूस प्रेससमोर उभा राहिला तर प्रश्न पोटापुरता राहत नाही. सुपरवायझरला सांगा आणि मशीनपासून बाजूला व्हा.

त्रास सुरू झालाच तर आधी पाणी. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. घोट-घोट, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका. जुलाबात रक्त, जोराचा ताप, पाण्याचा घोटही न टिकणं, लघवी कमी किंवा गडद होणं, चक्कर, अंधूक दिसणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना : पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, विमा कार्ड असेल तर चिंचवडच्या मोहननगरचं ईएसआय रुग्णालय, चाकणकडं असाल तर ग्रामीण रुग्णालय. डॉक्टरांना काय खाल्लं आणि किती तासांनी त्रास सुरू झाला ते सांगा. एक ते सहा तासांत उलट्या म्हणजे बहुधा आधीच तयार झालेलं विष. आठ-दहा तासांनंतर जुलाब आणि कळा म्हणजे जंतू पोटात वाढलेले. एकाच मेसच्या दोघा-तिघांना एकदम झालं असेल तर तेही सांगा.

अशा वेळी उरलेलं अन्न घाईनं धुऊन टाकू नका. स्वच्छ डब्यात भरून, वर तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये वेगळं ठेवा. पाकीट असेल तर बॅच नंबरचा फोटो काढा, बिल जपा. अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार देता येते. फोन करताना मेसचं किंवा दुकानाचं नाव, पत्ता, काय खाल्लं, किती वाजता, किती जण आजारी, एवढं कागदावर लिहून समोर ठेवा.